शिवशरणने कापलेली चार मिनिटं

पुण्याच्या हृषीकेशच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, एक बाई गोंदलेली आहे. पाठमोरी, डोक्यावरून शाल घेतलेली, बर्फातून चाललेली. पहिल्यांदा तो माझ्याकडे आला तेव्हा बाही वर करून त्याने मला ती दाखवली आणि म्हणाला, सर, हे चित्र हातावर असलेले जगात निदान अकरा जण मला ठाऊक आहेत. मी चष्मा लावून नीट पाहिलं. 'हिवाळी माग' या जुन्या जपानी चित्रपटाचा तो शेवट. विणकराची बायको दार सरकवून घराबाहेर पडते, बर्फात चालू लागते आणि सातव्या पावलाला चित्रपट संपतो. संगीत नाही, 'समाप्त'ची पाटी नाही, एकदम पांढरा पडदा. या सातव्या पावलावर शहाण्या लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत.

ते पाऊल कोणा जपानी दिग्दर्शकाने ठरवलेलं नाही. आमच्या शिवशरणने ठरवलं, सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका खोलीत, भर दुपारी, कात्रीने. आणि त्यानंतर चौथ्या दिवशी अक्कम्मा नावाची शेजारीण तशीच दार लोटून नवऱ्याच्या घरातून निघून गेली. शिवशरणने या दोन गोष्टींची सांगड घातली आणि चाळीस वर्षं तो ती उरावर घेऊन हिंडला. मरायच्या आत कापलेला तुकडा परत जोडायचा, अक्कम्माला पुरता चित्रपट दाखवायचा आणि तिची माफी मागायची, एवढंच त्याचं राहिलं होतं. गोष्ट त्याची आहे. माझाही त्यात भाग आहे, पण तो फारसा मिरवण्यासारखा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

शिवशरण मूळचा होटगीचा. वडील रेल्वेत गँगमन. रुळावर हातोडा मारण्यापेक्षा अंधारात मशीन चालवलेलं बरं, असं म्हणून विशीत तो सोलापूरला आला आणि एका थिएटरात ऑपरेटर झाला. माणूस भलताच चोखंदळ. ओल्या हाताने कोणी केबिनमध्ये आला तर तो त्याला बाहेर काढायचा, मग तो मालकाचा मेहुणा का असेना. त्या काळी बरेच ऑपरेटर नटीची चांगली फ्रेम दिसली की दोन-चार फ्रेमा कापून खिशात घालत. रस्त्याने प्रिंट जाईल तशी बारीक होत जायची. शिवशरणच्या हातात आलेली प्रिंट मात्र धडधाकट होऊन जायची. दुसऱ्यांनी फाडलेलं तो जोडायचा, कडेची भोकं फाटली असतील तर बसून दुरुस्त करायचा. आली तशी परत गेली पाहिजे, हा त्याचा धर्म. पुढे डिजिटल आलं, केबिनमध्ये माणसाची गरज उरली नाही, आणि साठीच्या आसपास तो पंखे-मिक्सर दुरुस्त करायला बसला. तेही काम त्याने तितक्याच नेटाने केलं. असल्या माणसाने आयुष्यात एकदाच प्रिंटला कात्री लावली, आणि नेमकी ती जगभर गाजली.

मी चिंतामणी. तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात होतो आणि गावातल्या फिल्म सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सभासद बत्तीस, हजर बारा, त्यातले चार झोपलेले. मुंबईहून सोळा मिलिमीटरच्या प्रिंटा यायच्या आणि रविवारी शिवशरण त्या चालवायचा. एकोणीसशे त्र्याऐंशीच्या श्रावणात 'हिवाळी माग' आला. तीन डबे, सोबत सायक्लोस्टाइल केलेलं एक पान. त्यात एवढंच लिहिलं होतं की डोंगरातल्या गावात एका विणकराचं घर आहे, नवरा दारुडा आहे, बायको मागावर राबते, एक लहान मूल आहे. पुढचं काही नाही. मी ते पान वाचलं आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. सोलापूर म्हणजे मागांचं गाव. ही कला या बारा जणांत कशाला कुजवायची, विणकरांनाच दाखवू. लोकांचं भलं करायची हौस माझ्यात तेव्हा भरपूर होती.

शिवशरण राहायचा तिप्पण्णांच्या कारखान्यामागच्या चाळीत. तिप्पण्णा म्हणजे पूर्व भागातलं, तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं वजनदार माणूस, चाळीसेक माग, चादरींचा धंदा. नारळी पौर्णिमेला विणकरांच्या देवाचा, मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या दिवशी माग बंद असतात. ते धुऊन-पुसून हळदकुंकू वाहून ठेवलेले असतात, त्यांना कोणी पाय लावत नाही. संध्याकाळी कारखान्याच्या अंगणात पडदा लावायचं तिप्पण्णांनी कबूल केलं. मी इतका खूश होतो की चित्रपट आधी एकदा बघून घ्यावा हेसुद्धा मला सुचलं नाही.

प्रिंट तपासायचं काम शिवशरणचं. पौर्णिमेच्या सकाळी शेजारच्या अक्कम्माने त्याला राखी बांधली. त्याला बहीण नव्हती, आणि तिचा भाऊ लांब तेलंगणात, म्हणून दोघांनी हे नातं जोडून घेतलं होतं. ती तिप्पण्णांकडे कांड्यांवर सूत भरायची, नवरा त्यांच्याच मागावर. नवरा मारायचा. चाळीतली भिंत पातळ, शिवशरणला सगळं ऐकू यायचं. एकदा मध्ये पडला तर तिनेच हात जोडून त्याला घरी पाठवलं होतं. त्या सकाळीही तिच्या कानाजवळ काळंनिळं होतं, असं त्याने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

दुपारी त्याने फिल्म गुंडाळायच्या रिवाइंडरवर तिसरा डबा चढवला. फिल्म बोटांतून सोडत, मधून मधून उजेडाकडे धरून बघत गेला. बाई दार उघडते, बर्फात चालते, आणि मग फ्रेममध्ये धूर. पुढे ज्वाळा. ज्वाळांच्या मधोमध माग. ताण्याचे उभे धागे चढवलेला, अर्धं कापड विणलेला माग धडधडा जळतोय. ज्या दिवशी मागाला कुंकू लावलंय, त्या दिवशी तीनशे विणकरांपुढे जळता माग दाखवायचा? लेन्सवर हात धरून झाकायची पद्धत असते, पण ती दोन-चार सेकंदांसाठी, सलग चार मिनिटं झाकलं तर लोक उठून केबिनला येतात. मला विचारायला यायचं, तर मी रथाच्या गर्दीत. त्याने कात्री घेतली. धूर दिसायच्या जरा आधीच कापलं, पुढचं दीडशे फूट न बघता गुंडाळलं आणि दुधाच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. रविवारच्या सोसायटीच्या खेळाआधी जोडून टाकू, असं त्याने ठरवलं होतं. त्यात वाईट काय होतं, मला आजही दिसत नाही.

खेळ झाला. असा खेळ मी पुन्हा पाहिला नाही. खालच्या इंग्रजी ओळी वाचून मी माइकवर मराठीत सांगत होतो, आणि तिप्पण्णा ते तेलुगूत सांगत होते. थोड्या वेळाने दोघांचीही गरज उरली नाही. पडद्यावर धागा तुटला की अंगणातल्या बाया चुकचुकायच्या, धोटा अडकला की पुरुष मागून सूचना द्यायचे. बाईने झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण सारखं केलं आणि ती दाराकडे वळली, तेव्हा अंगणात चिडीचूप झालं. सात पावलं, आणि पांढरा पडदा. कोणी उठेना. मी शिवशरणजवळ जाऊन म्हणालो, काय शेवट आहे रे, याला म्हणतात धाडस. तो फिल्म काढण्यात गुंतला होता.

मी घरी जाऊन एका बैठकीत लेख लिहिला, न दाखवलेल्या शेवटाचं मोठेपण सांगणारा. चौथ्या दिवशी पहाटे अक्कम्मा गेली. सहा वर्षांचं पोर मागे झोपलेलं, बरोबर एक गाठोडं, बस्स. दोन दिवसांनी कळलं की मावशीकडे आहे, विड्या वळायला बसली आहे, परत येणार नाही म्हणते. नवऱ्याने पोर दिलं नाही. चाळीत जे बोलायचं ते सगळे बोलले. तिप्पण्णांनी चारचौघांत एकच वाक्य टाकलं, पिच्चर बघून बिघडली. तिप्पण्णांचं बोलणं म्हणजे शिक्काच. तो बसला शिवशरणच्या छातीवर.

रविवारी मी सोसायटीत खेळाआधी माझा लेख वाचून दाखवला. शिवशरण मशीनजवळ उभा राहून ऐकत होता. जोडायचं तर आता सेक्रेटरीची फजिती, न जोडायचं तर खोटेपणा, आणि त्यात अक्कम्माचं झालेलं. त्याने तो डबा तसाच ठेवला. एकदा ठेवलेली गोष्ट उद्यावर जाते आणि उद्या कधी येत नाही, तसं झालं. मुंबईच्या ज्या लोकांनी प्रिंट पाठवली त्यांना मी परत नेण्याबद्दल दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. सोसायटी बंद पडली. डबे शिवशरणच्या कॉटखाली राहिले.

एक्क्याण्णव साली मी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका माणसाला धरलं, शिवशरणकडून भिंतीवर हा चित्रपट चालवून घेतला आणि व्हिडिओ कॅसेट करून घेतली. आठवण म्हणून. तिच्या नकला निघाल्या, एक पुण्याला गेली, एक अमेरिकेला. आणि मग इंटरनेट आलं, आणि आम्हाला कळलं की चित्रपट काढणारी ती जपानी कंपनी कधीच बुडाली, गोदामाला आग लागून मूळ फिल्म गेली, आणि जगात दुसरी प्रिंट कुठे सापडत नाही. जे आहे ते सोलापूरच्या भिंतीवरचं, अंधुक, थोडं तिरकं.

असल्या गोष्टींसाठी जीव टाकणारी माणसं असतात, हे मला सत्तरीत समजलं. हृषीकेश त्यातलाच. त्याच्याकडे या चित्रपटाचं एक मूळ पत्रक आहे, ते त्याने काचेत बंद करून ठेवलंय. एकाकडे नटीचं एका ओळीचं पत्र आहे. ते सगळे एकमेकांना ओळखतात, एकमेकांवर जळतात, आणि कॅसेटमधल्या एकेका सेकंदाचा कीस पाडतात. एक्केचाळिसाव्या मिनिटाला कोणीतरी खोकतं. तो खोकला मुळात चित्रपटातला की बाहेरचा, यावर त्यांच्यात दोन तट होते. खोकला माझा आहे. मी तसं सांगितलं तेव्हा एक तट नाराज झाला. पण या सगळ्यांना बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे तो शेवट. मी एकदा हृषीकेशला विचारलं, बाबा, एवढे चांगले चित्रपट पडलेत, तुम्हाला हाच का? तो म्हणाला, बाकीचे आपल्याला सगळं सांगून टाकतात, ही बाई एकटीच काही न सांगता निघून जाते.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला संगणकावरून व्याख्यानाला बसवलं. तीन-चार देशांतली माणसं. मी तासभर सातव्या पावलावर बोललो, अगदी रंगून. सोबतीला शिवशरणला बोलावलं होतं, तो कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. व्याख्यान संपलं, मी पाणी प्यालो, तेव्हा तो म्हणाला, "सर, ते पाऊल मी कापलंय. पुढं अजून चार मिनटं हाय." मग कात्री, डबा, अक्कम्मा, सगळं त्याने एका सुरात सांगितलं, पंख्याचं कॉइल जळालं म्हणून सांगावं तसं.

मला राग आला. त्याच्या दुःखाचा विचार मनात यायच्या आधी मला माझ्या लेखाची आठवण झाली, हे कबूल करायला हवं. चाळीस वर्षं मला वेड्यात काढलंस, मला जगासमोर बडबडू दिलंस, असं मी बरंच काही बोललो. तो ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला की तुमचं नाव राहील की हो, मला अक्कम्माचं बघायचंय. त्याच्या दोन वर्षं आधीच डॉक्टरांनी त्याच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली होती. आठ दिवस मी त्याचा फोन घेतला नाही. नवव्या दिवशी मीच गेलो.

अक्कम्मा आता विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. विड्या वळून वळून बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत, बँकेत अंगठा उमटत नाही म्हणून हसते. पोर बापाकडे वाढलं, भिवंडीला गेलं, तिच्याशी बोलत नाही. नवरा मेला तेव्हा तिला कळवलंसुद्धा नाही. इतकं असून दर नारळी पौर्णिमेला ती बस पकडून शिवशरणकडे यायची, राखी बांधायची, आणि याने मान खाली घालून ती बांधून घ्यायची. चाळीस राख्या. प्रत्येक राखीला याला वाटायचं, आज सांगू. त्याच्या मनाने घेतलं होतं की त्या तुकड्यात काहीतरी असं आहे, जे बघून ही गेली नसती. निदान जळणारा माग बघून घाबरली असती, थांबली असती, पोराला मोठं करून मग काय ते बघितलं असतं. मी म्हणालो, अरे, तिला मार बसत होता, ती चित्रपट न बघताही गेली असती. तो म्हणाला, "आसंल. पण मला ठाव न्हाय की. आनि मला ठाव न्हाय ते मीच कापलंय."

मी हृषीकेशला बोलावलं आणि खरं सांगितलं. तो पुढच्याच गाडीने आला, पांढरे हातमोजे घेऊन. शिवशरणने पावडरचा डबा स्टुलावर ठेवला. झाकण गंजून बसलं होतं, ते स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं, आणि खोलीत जुन्या लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास पसरला. जुनी फिल्म कुजायला लागली की असा वास येतो. फिल्म आक्रसली होती, कडा वळल्या होत्या, बाहेरचे दोन वेढे हाताला लागताच मोडले. पण आतलं शाबूत होतं. शिवशरणने मोजे नाकारले, स्वतःची बोटं सदऱ्याला पुसली आणि टोक उजेडाला धरलं. हृषीकेश त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. बर्फातली बाई, मग धूर, मग ज्वाळा, मग बारीक बारीक माणसं. एवढ्यावर शिवशरणने हात थांबवला. पुढचं अक्कम्माबरोबर बघीन म्हणाला.

हृषीकेश बराच वेळ आपल्या हातावरच्या बाईकडे बघत बसला. मग फार हळू म्हणाला, "काका, हे जोडू नका." प्रिंट तो स्वच्छ करून घेईल, जगभर जाईल, शिवशरणचं नाव येईल. पण हा तुकडा बाजूला राहू दे. लोकांनी ज्या चित्रपटाला जीव लावला तो सात पावलांचाच आहे, हा तुकडा बाहेर आला तर उरेल काय, आणखी एक साधा रडका संसारपट. तो काही लबाड माणूस नाही. त्याला खरोखरच कसंतरी होत होतं, आणि खरं सांगायचं तर मला आतून त्याचंच पटत होतं. मी तोंड उघडलं नाही, एवढाच माझा चांगुलपणा.

शिवशरण म्हणाला, "आपरेटरचं काम दाखवायचं. काय दाखवायचं ते ठरवायचं न्हाय. एकदा ठरवून बसलोय मी." जोडणार असाल तर तिन्ही डबे न्या, नाहीतर ते माझ्या कॉटखाली बरे आहेत, असंही तो म्हणाला. हृषीकेशने दोन वेळा चहा घेतला, बाहेर जाऊन तीन फोन केले आणि कबूल झाला. जोड मात्र शिवशरणला स्वतः मारायचा होता. डाव्या हाताने उजवं मनगट धरून त्याने सातव्या पावलापुढे त्या तुकड्याची पहिली फ्रेम बसवली, वर चिकटपट्टी दाबली आणि डबे उचलून दिले. तीन डबे गेल्यावर कॉटखाली झाडायला जागा झाली म्हणाला.

चार महिन्यांनी हृषीकेशकडून पुरा चित्रपट पेन ड्राइव्हवर आला. सोबत चिठ्ठी. मंडळींत मोठं वादळ झालंय, अर्ध्या लोकांनी हा शेवट बघायचाच नाही असं ठरवलंय, एकाने तर हातावरची बाई काढून टाकायची चौकशी केली. मी ते वाचून हसलो. शिवशरण हसला नाही, अक्कम्माला कधी आणायचं एवढंच विचारत होता.

माझ्या घरी, दुपारी, टीव्हीवर लावायचं ठरलं. अक्कम्मा इस्त्रीचं पातळ नेसून आली होती. आधी शिवशरणने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. मी काय कापलं, का कापलं, आणि तू गेलीस तेव्हापासून मला काय वाटतंय. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. रागावली नाही, रडली नाही. लावा म्हणाली.

तिला चित्रपट पाठ होता. एकदाच पाहिलेला, पण कुठे धागा तुटतो, सासू कधी ओरडते, ती आधीच सांगत होती. मुलाच्या अंगावर पांघरूण घातलं तेव्हा तिने डोळे मिटले आणि लगेच उघडले. दार सरकलं. मी पावलं मोजली. सातवं पडलं, जोडाच्या जागी चित्र जरा उडालं, आणि आठवं पाऊल पडलं. मला ते आठवं पाऊल आवडलं नाही, आता काय लपवायचं.

डोंगराच्या वळणावर बाई मागे बघते. घराच्या छपरातून धूर येतोय. आत दारुड्या नवऱ्याने दिवा फेकलाय आणि माग पेटलाय. ती धावत सुटते. बर्फ ओंजळींनी भरून भरून आगीवर टाकते, अंगावरची शाल भिजवून मारते. आग विझते. मूल आजीच्या कडेवर रडतंय. नवरा कोपऱ्यात बसलाय. कोणी कोणाशी बोलत नाही. मग ती अर्धवट जळलेल्या मागावर बसते आणि तुटलेले ताणे एकेक करून सांधायला लागते. सासू भाताची वाटी आणून शेजारी ठेवते. बोटं गाठी मारताहेत, गाठी मारताहेत, आणि मग जपानी अक्षरांची पाटी येते.

शिवशरणच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याला वाटत होतं तेच निघालं, किंबहुना त्याहून वाईट. ती बाई परत आली होती, आणि परत येण्याचा तो भाग त्याने चाळीस वर्षं डब्यात घालून ठेवला होता. तो खुर्चीवरून उठला, गुडघे धरत खाली अक्कम्माच्या पायाशी बसला. हे तेव्हा दाखवलं असतं तर तू पोराकडे परत गेली असतीस, ही माझी चूक, मला माफ कर, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं ती त्याला उठवील, नाहीतर आता तरी एकदा रागावेल.

तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती अजून टीव्हीकडेच बघत होती, तिथे आता काही नव्हतं तरी. मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मी परत न्हाय गेले असते, शिवाण्णा. मारून टाकलं असतं त्यानं मला. तुमी रडू नका." मग म्हणाली, "मावशीच्या घरी पयल्या दिवशी लई रडले. पोराची याद यायची, तवा मी म्हनायची, तिला पन येत आसंल. बर्फात चालतीया बिचारी, तिचं पन पोर निजलंया मागं. दिवाळी आली, आजारी पडले, म्हातारी झाले, मला वाटायचं ती पन कुटंतरी म्हातारी झाली आसंल. चाळीस वर्सं आमी दोगी व्हतो."

शिवशरण तोंड वर करून तिच्याकडे बघत होता.

"आनि ती तर त्याच दिवशी घरी गेली व्हती," अक्कम्मा म्हणाली. "मग मी एकलीच गेले व्हय?"